मिळतंय की!

आमच्या कॉलनीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळं घरातली बारशी, दवाखान्याच्या तारखा आणि पाहुण्यांचं येणं-जाणं पंचांग बघून ठरत नाही, पाणी बघून ठरतं. लेक शिकागोहून येणार म्हटल्यावर हिनं 'किती दिवस राहणार' असं विचारलं नाही. 'कोणत्या वारी उतरणार' असं विचारलं. लेक, जावई आणि अकरा वर्षांचा नातू बरोबर पाण्याच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा ही अंगणात पाइप धरून टाकी भरत होती. तिनं पाइप न सोडता नातवाला पोटाशी धरलं. नातू भिजला. लेकराला पहिल्याच दिवशी सर्दी झाली ती त्यामुळं, पण दोष गेला विमानातल्या एसीला.

खाण्याच्या बाबतीत मात्र लेकरू गुणी निघालं. ज्वारीची भाकरी त्यानं दोन्ही हातांत धरून पिझ्झ्यासारखी खाल्ली, येसराच्या आमटीला 'सूप' म्हणत ती दोनदा मागून घेतली, शेंगदाण्याच्या चटणीचा तर डबाच मोकळा केला. चार दिवस हिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन त्यानं अगदी सहज विचारलं, "आजोबा, तुमच्या सिटीत बेस्ट हॉट डॉग कुठे मिळतो?"

'बेस्ट' हा शब्द ध्यानात घ्या. मिळतो का, असं त्यानं विचारलंच नाही. एवढं मोठं बावन्न दरवाज्यांचं शहर, म्हणजे हॉट डॉग पन्नास ठिकाणी मिळत असणारच, फक्त त्यातला चांगला कुठला तेवढं आजोबांनी सांगावं, अशी त्याची साधी अपेक्षा. त्या वेळी मी "बाळा, आपल्याकडं तसलं काही मिळत नाही, पोहे खा" असं म्हणालो असतो, तर पुढचे तीन दिवस, स्कूटरची अर्धी टाकी आणि जावयानं आणलेला नवा कोरा पांढरा टी-शर्ट वाचला असता. पण मी पडलो मराठवाड्याचा. मी म्हणालो, "मिळतंय की!"

हे 'मिळतंय की' बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, मिळतं. तसं नसतं ते. तुम्ही तोंड वर करून विचारलंत, आता तुम्हाला रिकाम्या हातानं कसं लावू, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या भागानं 'नाही' पुष्कळ ऐकलंय. पावसानं ऐकवलं, धरणानं टक्केवारीसकट ऐकवलं. त्यामुळं असेल, पण माणसानं माणसाला 'नाही' म्हणायचं आमच्या जिवावर येतं. रस्त्यात कुणालाही पत्ता विचारा, 'ठाऊक नाही' असं कुणी म्हणणार नाही. 'सरळ जा' म्हणेल. पुढं 'लिंबाचं झाड होतं तिथून डावीकडं' असंही म्हणेल. झाड रस्ता रुंदीकरणात जाऊन दहा वर्षं झाली, पण पत्त्यातून ते तोडायला कुणी तयार नाही. नव्या माणसानं नसलेलं झाड कसं ओळखायचं, हा त्याचा प्रश्न.

तर त्या रात्री नातवानं माझा अभ्यास घेतला. शिकागोचं मला एवढंच ठाऊक होतं की 1893 साली तिथं विवेकानंद बोलले. नातू म्हणाला, त्याच वर्षी, त्याच शिकागोच्या जागतिक मेळ्यात, ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघा जणांनी सॉसेज विकायला सुरुवात केली आणि ती कंपनी आजही चालू आहे. शाळेतल्या पुस्तकात आम्हाला यातलं अर्धंच सांगितलं होतं.

मग नियम. शिकागोचा हॉट डॉग म्हणजे सॉसेज पावात घातलं आणि झालं, असं नाही. पाव लांबट हवा, त्याला वरून खसखस लावलेली हवी. सॉसेजवर पिवळी मोहरीची चटणी, डोळे दिपतील इतकं हिरवं काकडीचं गोडसर रेलिश, बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातल्या काकडीची उभी लांब चीर, दोन-तीन बारक्या तिखट मिरच्या आणि वरून सेलरीचं मीठ. एवढं सगळं घातलं की त्याला 'बागेतून फरफटत आणलेला' असं तिथले लोक म्हणतात. मंदीच्या काळात पाच सेंटला हे सगळं मिळायचं, म्हणजे गरिबाचं पूर्ण जेवणच. हे ऐकून मला त्या पदार्थाबद्दल जरा आदर वाटला. पाच पैशांच्या वड्यावर कांदा-मिरची फुकट मागून पोट भरणारी पिढी आमची.

"आणि केचप?" मी विचारलं.

नातवानं मोबाइल खाली ठेवला. "आजोबा, नो केचप. नेव्हर."

शिकागोत हॉट डॉगवर केचप म्हणजे आपल्याकडं आषाढी एकादशीला मटण. अमेरिकेत हॉट डॉग अन् सॉसेजची म्हणून एक राष्ट्रीय कौन्सिल आहे. 2015 साली हॉट डॉग हा सँडविच नव्हे, असा निवाडा तिनं दिलेला आहे. खाण्याचे शिष्टाचारही ती सांगते, आणि त्यात अठरा वर्षांनंतर केचप वर्ज्य म्हटलंय. म्हणजे नातवाला अजून सात वर्षं सूट होती. पण नियम पाळण्यात तो त्याच्या आजीवर गेलाय.

सॉसेज कशाचं असतं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीनं घाईघाईनं "इथं चिकनचं चालेल हं त्याला" एवढंच सांगून विषय मिटवला.

मिटला असता. पण माझी माय सत्त्याऐंशी वर्षांची, माळकरी, ऐकायला कमी येतं आणि नको ते नेमकं ऐकू येतं. ती कॉटवरून म्हणाली, "कामून रे, त्या लेकराला कुत्रं कामून खाऊ घालायलास?"

आम्ही हसलो. नातू मात्र हसला नाही. तो म्हणाला, पणजीआजीचा प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेत जर्मन लोक सॉसेज विकायला लागले तेव्हा तिथल्यांनाही हाच संशय होता. 1895 च्या सुमाराला येल विद्यापीठातली पोरं वसतिगृहाबाहेरच्या सॉसेजच्या गाड्यांना 'कुत्र्यांच्या गाड्या' म्हणायची. संशयाचीच थट्टा झाली आणि थट्टेचं नाव झालं. मायला हे कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. तिनं त्यातला एकच शब्द उचलला.

"जर्मनीचं हाय व्हय?"

"हो माय. फ्रँकफर्ट म्हणून गाव आहे जर्मनीत, तिथलं सॉसेज."

"मग परभणीला मिळत असल की!"

आता यावर काय बोलणार? आम्ही मूळचे परभणीचे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं लेकराला अ-आ-ईच्या आधी शिकवतात. जे जर्मनीत आहे ते परभणीत असायलाच पाहिजे, यात मायच्या बाजूनं तर्काची कुठंही चूक नव्हती. तिच्या समाधानासाठी परभणीला चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "हॉट डॉग? मिळतंय की! कधी यायलाव?"

दुसऱ्या दिवशी नातू आणि मी स्कूटरवर निघालो. मी जावयानं आणलेला पांढरा टी-शर्ट घातला होता, छातीवर मोठ्या अक्षरांत शिकागो. ही म्हणाली, "अहो, पांढरं नका घालू." हे वाक्य ती चाळीस वर्षं म्हणत आलीय आणि चाळीस वर्षं ते खरं ठरत आलंय.

पहिला थांबा औरंगपुऱ्याकडची एक बेकरी. शेजारच्या साहेबांनी छातीठोक सांगितलं होतं. मी विचारलं, "हॉट डॉग आहे?"

"आहे की. किती देऊ?"

इतक्या सहज! मला माझ्या शहराचा अभिमान वाटला. मी नातवाकडं बघून भुवया उडवल्या. बेकरीवाल्यानं पिशवीत सहा लांबट पाव घालून पुढं ठेवले.

"आणि आतलं?"

"आतलं काय?"

"आतमध्ये घालायचं."

"ते तुमचं तुम्ही घालायचं, काका. हॉट डॉग हाच." त्यानं पावाच्या ट्रेला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. खरंच, 'हॉट डॉग' असंच लिहिलेलं होतं. अमेरिकेत ज्याला हॉट डॉग म्हणतात तो आतला ऐवज, इथं त्याच्या खोळीलाच ते नाव मिळालं होतं. नातू बराच वेळ त्या चिठ्ठीकडं बघत राहिला. मी सहा पाव घेतले. विचारलं आणि घेतलं नाही, असं करता येत नाही.

बेकरीवाल्यानं वर सल्ला दिला. "टीव्ही सेंटरला जा. तिथं चायनीजच्या गाड्या लागतात, त्यांच्याकडं सगळं असतं."

सगळं असतं, हे खरं निघालं. गाडीला लाल पडदा, पडद्यावर ड्रॅगन. चित्रकारानं ड्रॅगन पाहिलेला नसावा आणि म्हैस पाहिलेली असावी, असं त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं. गाडीवरचा पोरगा पंचविशीतला, कढई हलवता हलवता म्हणाला, "मिळतंय की काका. कसा असतो ते फक्त सांगा."

या वाक्यात काहीतरी गडबड आहे, हे मला कळलं होतं. पण नातवानं तोवर मोबाइलवर फोटो काढून दाखवला होता, आणि पुढं जे घडलं ते मी जवळून पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

पोरानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. डोळे बारीक केले. मग आमच्याच पिशवीतला एक पाव मागून घेतला, उभा चिरला, तव्यावर लोणी टाकून भाजला. तीन मंचुरियन उचलून पावात रांगेनं बसवले. लांब मागे होऊन पाहिलं. समाधान झालं नाही. फोटोत एकच अखंड वस्तू दिसत होती. त्यानं उलथनं घेऊन तिन्ही मंचुरियन एकमेकांत दाबले आणि एक लांबट प्रकार तयार केला. "आता?" नातवानं मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही.

"वर पिवळं काय हाय?"

"मोहरीची चटणी," मी म्हणालो.

त्यानं मेयोनीजमध्ये हळद कालवली. हिरव्या रेलिशच्या जागी पुदिन्याची चटणी आली. काकडीच्या लोणच्याच्या जागी त्याच्या स्वतःच्या जेवणाच्या डब्यातून लिंबाच्या लोणच्याची एक फोड आली. हे मला फार भावलं, खोटं कशाला बोलू. बारक्या मिरच्यांची काही अडचणच नव्हती, उलट त्यानं दोनाच्या जागी पाच ठेवल्या. खसखस नव्हती, तर तीळ भुरभुरले. सेलरीचं मीठ म्हणजे काय, ते मलाही नीट सांगता येईना. ओव्या-कोथिंबिरीच्या कुळातली वनस्पती, एवढं मी बोललो. त्यानं क्षणभर विचार करून अजिनोमोटोची चिमूट सोडली. नातू बोटांवर मोजत होता. शिकागोतली एकही गोष्ट या पोरानं सोडली नाही, प्रत्येक जागी त्यानं प्रामाणिकपणे काहीतरी ठेवलं.

आणि मग, सगळं झाल्यावर, शेवटचा हात म्हणून त्यानं केचपची बाटली उचलली.

"नो!" नातू असा ओरडला की शेजारच्या पाणीपुरीच्या गाडीवरची बाई पाण्यात बोट बुडवून तशीच थांबली.

पोराचा हात हवेत. "काका, काय झालं लेकराला?"

"केचप चालत नाही."

"उपास हाय का?"

आता शिकागोची परंपरा, 1893, कौन्सिल, हे सगळं त्या धुरात उभं राहून कुठं सांगत बसू? मी म्हणालो, "हौ."

"आधी नाही का सांगायचं," तो बाटली खाली ठेवत हळहळला. मंचुरियन उपासाला कसं चालतं, हे त्यानं विचारलं नाही. मोठ्या घरच्या पोरांचे उपास वेगळे असतात, अशी त्यानं समजूत करून घेतली असावी.

नातवानं पहिला घास घेतला. दुसऱ्या बाजूनं एक मंचुरियन सुटला आणि माझ्या छातीवर 'शि' आणि 'का' यांच्या मधोमध आपटून खाली पडला. नातवानं सगळा संपवला, नाकातून पाणी येईपर्यंत. मग गंभीरपणे म्हणाला, "खूप छान आहे, आजोबा. पण हा हॉट डॉग नाही."

"उद्या या काका," गाडीवाला म्हणाला. "उद्या बरोबर जमवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट सिडकोत कॅनॉटला गेलो. तिथं तरुण मंडळी बसतात, तसला एक कॅफे. मेन्यूत चार हॉट डॉग! अमेरिकन, तंदुरी पनीर, शेजवान आणि जैन. जैन हॉट डॉगमध्ये कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मग काय उरतं हे विचारायचा मोह मी आवरला. आम्ही अमेरिकन मागवला. तो आला तेव्हा दिसलाच नाही. वर किसलेल्या चीजचा ढीग. वेरूळला कैलास लेणं जसं वरून खाली खोदत आणलंय, तसे आम्ही दोघं काट्यांनी वरून खाली खोदत गेलो. तिथं निदान खाली देव आहे. इथं बटाटा होता, लांबट केलेला. आणि ढिगावर, बटाट्यावर, ताटलीच्या कडेवर, सगळीकडं केचपची नागमोडी रेघ. नातवानं काटा खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. एकशे नव्वद रुपये. बटाटा मी खाल्ला.

शेजारच्या टेबलावरच्या एका पोरानं आमची अवस्था बघून सल्ला दिला, "अंकल, इंदूरला जा. छप्पन दुकानला एकदम फेमस हॉट डॉग मिळतो." तो मिळतो, हे खरं आहे, मीही ऐकलंय. पण त्यातही पावात टिक्कीच असते म्हणे, आणि इंदूर म्हणजे चारशे किलोमीटर. स्कूटरवर मागं नातू.

एका मॉलच्या वरच्या मजल्यावर मात्र वेगळाच प्रसंग घडला. काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, हॉट डॉग आहे का. तो म्हणाला, "नाही."

मी थांबलो. त्यानं पुढं काही जोडलं नाही. ना 'सरळ जा', ना 'उद्या या', ना 'थोडा वेळ बसा'. नुसतं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं होतं आणि मला ते अंगावर आल्यासारखं वाटलं. राहवेना म्हणून विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"पुणे."

तरीच.

संध्याकाळी नातवाचं तोंड उतरलेलं बघून मी त्याला बुढ्ढी लेनला नेलं. मी बाहेर खातो हे हिला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, पण आम्ही दोघं ते बोलत नाही. शेगडीवर सीगा लागलेल्या, धूर, कोळशावर चरबी टपकल्याचा चर्रर्र आवाज. मी कबाबवाल्याला हातानं लांबी दाखवत समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. "लंबा होता ना? रोटी में रखके देते ना?" "हो." "मिलता ना चचा! ये क्या है फिर?" आणि सीगेवरचा कबाब त्यानं रोटीत ओढून नातवाच्या हातात दिला. वर कांदा, लिंबू, बस. खरं तर आकार तोच, कल्पना तीच. नातवानं चार खाल्ले. मी नान खलिया मागवला. तुघलकानं दिल्लीहून राजधानी दौलताबादला आणली तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असं इथं सांगतात. राजधानी परत गेली, खलिया राहिला. आमच्या शहरात बाहेरचं खाणं रुजायचं तर एवढ्या मोठ्या लवाजम्यानं यावं लागतं. एकट्या नातवाच्या सांगण्यावरून कसं येणार?

परतताना स्कूटरवर तो मागून म्हणाला, "आजोबा, ते पण हॉट डॉग नव्हतं."

"ठाऊक आहे रे."

"मग तो अंकल हो का म्हणाला?"

मी गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

शेवटी लेकीनं प्रकरण हातात घेतलं. गोठवलेल्या वस्तूंच्या दुकानातून चिकन सॉसेजचं पाकीट आणलं. पाकिटात सॉसेज दहा, घरात पाव उरलेले पाच. जावई म्हणाले, अमेरिकेतही हीच रड आहे, सॉसेज दहाच्या पाकिटात आणि पाव आठच्या. एवढा पुढारलेला देश, चंद्रावर जाऊन आला, आणि दोन पावांचा हिशोब जुळवता येत नाही. मला उगीच बरं वाटलं. मी जाऊन आणखी पाच पाव आणले. या वेळी चिठ्ठीकडं बघितलं नाही.

घरात मटण-मच्छी चालत नाही, ते सगळं गच्चीवर. कोपऱ्यात तीन विटांची चूल आहे, पातेलं वेगळं आहे, आणि ते पातेलं जिन्याखाली उतरवायची परवानगी नाही. तिथं आम्ही दुपारभर राबलो. पिवळ्या मोहरीसाठी मोहरी भिजवून, हळद-व्हिनेगर घालून मिक्सरमध्ये फिरवली. झाकण उघडलं तेव्हा मला, जावयाला आणि कठड्यावरच्या कावळ्याला एकदम ठसका लागला. काकडी सकाळपासून व्हिनेगरात घातलेली. बारक्या मिरच्या म्हणून लवंगी, एकाला एकच, असा नातवाचा हुकूम. सेलरीच्या मिठासाठी ओवा कुटून मिठात. हिरवं रेलिश मात्र कितीही केलं तरी तितकं हिरवं होईना, तेव्हा ही खालूनच ओरडली, "केकचा हिरवा रंग आहे, देऊ का?"

खसखस तिनं स्वतः वर आणून दिली, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून. छोटा चमचा, तोही शिगोशीग नाही. "भाव माहितीय का?" एवढंच म्हणाली. अनारशांसाठी जपून ठेवलेली खसखस तिनं परक्या पावाला लावायला दिली, हे तिचं नातवावरचं प्रेम मोजायचं खरं माप. पावाला दूध लावून नातवानं ती एकेक दाणा सरकवत पसरली.

सहा वाजता पहिला हॉट डॉग तयार झाला. नातवानं तो दोन्ही बाजूंनी बघितला, फोटो काढला, मग घास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत उभे. दहावीच्या निकालाच्या दिवशी लेकीच्या तोंडाकडं असंच बघत होतो.

त्यानं चावला. गिळला.

"जवळजवळ," तो म्हणाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांच्या वणवणीनंतर 'जवळजवळ' म्हणजे डिस्टिंक्शनच. मीही एक खाल्ला. चांगला होता. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडला दर चार जुलैला हे खाण्याची स्पर्धा असते आणि 2021 साली जोई चेस्टनट नावाच्या माणसानं दहा मिनिटांत शहात्तर खाल्ले, असं नातवानं सांगितलं. आमच्याकडं पंगतीत पैजेनं जिलब्या खाणारे होऊन गेले, पण त्यांची मोजदाद वाढप्यावर सोडलेली असायची, त्यामुळं जागतिक पातळीवर नोंद नाही. मायला खाली रिकामा पाव चहात बुडवून दिला. ती म्हणाली, "परभणीचा मऊ असतोय."

आणि या सगळ्या आनंदात जावई माझ्या जवळ सरकले. वीस वर्षं शिकागोत राहिलेला माणूस, मूळचा लातूरचा. इकडं-तिकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाबा, घरात केचप असेल का हो?"

नातवाचे कान पणजीवर गेलेले आहेत. तो वळला. बापाकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं माझा बाप माझ्याकडं फक्त एकदा बघत होता, मी सिगारेट ओढताना सापडलो तेव्हा. जावयांनी उरलेला हॉट डॉग खाली मान घालून, तसाच संपवला.

ते परत निघाले तो दिवस नेमका पाण्याचा नव्हता, म्हणून हिला रडायला मोकळा वेळ मिळाला. दोन दिवस आधी मी टीव्ही सेंटरवरून येत होतो, तर म्हशीच्या तोंडाच्या ड्रॅगनखाली नवी पाटी. 'येथे उपवासाचा हॉट डॉग मिळेल.' गाडीवाल्यानं मला ओळखलं, हात केला, "काका, चालायलंय लई!" घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "पाव कधीपासून उपासाला चालायला लागला?" मी गप्प बसलो. त्याच्या धंद्याच्या मुळाशी माझं एक 'हौ' आहे, हे तिला कशाला सांगू?

गाडीत सामान भरणं चालू होतं. नातू फाटकाशी उभा होता. एक मोटारसायकलवाला थांबला, मागं बाईच्या मांडीवर दळणाचा डबा. त्यानं नातवालाच विचारलं, "बाळ, इकडं पिठाची गिरणी कुठंय रे?"

आमच्या भागातली गिरणी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. नातवाला गिरणी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मी पुढं होऊन काही बोलणार, तोवर त्यानं हात लांब करून, शिकागोच्या सुरात, पण शब्दाला शब्द बरोबर सांगितलं, "आहे की, काका. सरळ जा. लिंबाचं झाड होतं ना, तिथून डावीकडं."

"बरं," म्हणत मोटारसायकलवाल्यानं गाडी सरळ पुढं काढली.